ऑझची नगरी आणि घरचा जमाखर्च



गेल्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या पंगतीत आपल्या मंडळाचे एक जुने सभासद माझ्या शेजारी बसले होते. मुलाची तक्रार करत होते. मुलगा इंजिनियर, चांगली नोकरी, लग्न झालेले, एक लहान मुलगी. पण त्याला अद्भुत कादंबऱ्या लिहिण्याचे वेड लागले आहे. राक्षस, जादूची तळी, उडती गावे असे सगळे. पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले, आणि आता दर रविवारी पिशवीत प्रती भरून कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनात टेबल मांडून बसतो. सूनबाई कंटाळल्या आहेत. त्यात आता तो नोकरी सोडायची भाषा करतो. तुम्ही बँकेत होता, तुम्हीच त्याला चार शब्द समजावा, असे त्यांचे म्हणणे.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. कर्ज मागायला आलेल्या माणसाला समजावणे हे माझे रोजचे काम होते. पण या मुलापुढे मला ते जमेना. त्याचे कारणही सांगतो. कारकून असताना मीही मुलांसाठी गोष्टी लिहीत असे. एक गोष्ट एका दिवाळी अंकात छापूनही आली होती. पुढे अधिकारी झालो, बदल्या सुरू झाल्या आणि ती वही कपाटात गेली ती गेलीच. दोष कोणाचा नाही, माझाच. पण त्यामुळे नोकरी सोडू नकोस किंवा लिहिणे सोड, यातले काहीही मला ठामपणे सांगता येईना. म्हणून मी त्याला एका माणसाची हकीकत सांगितली. तीच इथे लिहून काढली आहे.

हा माणूस म्हणजे एल. फ्रँक बॉम. 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' या पुस्तकाचे लेखक. वावटळीत घरासकट उडून गेलेली डोरोथी, तिचा कुत्रा टोटो, मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह ही मंडळी आपल्यापैकी अनेकांनी १९३९ च्या चित्रपटात पाहिली असतील. पण हे सर्व लिहिणाऱ्याने घर कसे चालवले, हे फारसे कोणी सांगत नाही. मी बँकेचा माणूस असल्याने माझे लक्ष तिकडेच जाते.

श्रीमंताघरचा आजारी मुलगा

लायमन फ्रँक बॉम यांचा जन्म १५ मे १८५६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या चिटनँगो या लहान गावी झाला. वडील बेंजामिन बॉम यांनी पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींत चांगला पैसा केला होता. नऊ भावंडांत फ्रँक सातवा, आणि त्या नऊपैकी पाचच मोठी झाली. घराला 'रोझ लॉन' म्हणत. मोठी बाग, शिकवायला घरी येणारे मास्तर, आणि अशक्त हृदयाचा हा मुलगा.

बाराव्या वर्षी त्याला लष्करी शिस्तीच्या शाळेत घातले. तिथे तो दोन वर्षे कसाबसा टिकला. तब्येत ढासळली आणि त्याला घरी आणावे लागले. वडिलांनी मग त्याला एक छोटे छापयंत्र घेऊन दिले. त्यावर फ्रँक आणि धाकटा भाऊ हॅरी 'रोझ लॉन होम जर्नल' नावाचे घरगुती वृत्तपत्र छापू लागले. त्यात जाहिरातीही असत. लिहायचे, छापायचे आणि खपवायचे हे तिन्ही उद्योग एकाच माणसाने करायचे, ही सवय तिथेच लागली.

विशीत त्याला कोंबड्यांचा नाद लागला. हॅम्बर्ग जातीच्या शोभेच्या कोंबड्या त्याने पाळल्या आणि १८८० मध्ये त्या विषयावर मासिकही काढले. पुढे १८८६ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले ते परीकथांचे नव्हते, या कोंबड्यांच्या निगराणीचे होते.

मग नाटक. वडिलांनी रिचबर्ग येथे मुलासाठी नाट्यगृह बांधून दिले. १८८२ मध्ये फ्रँकने 'द मेड ऑफ अॅरन' हे नाटक लिहिले, त्यातली गाणी केली आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. नाटक चालले, दौरे झाले. पण ते रिचबर्गचे नाट्यगृह आगीत जळले आणि त्यात पोशाख, संहिता असे पुष्कळ सामान गेले.

मॉडबाई

याच १८८२ सालच्या ९ नोव्हेंबरला त्यांचे लग्न मॉड गेज यांच्याशी झाले. मॉड कॉर्नेल विद्यापीठात शिकत होत्या, लग्नासाठी त्यांनी शिक्षण सोडले. त्यांची आई मटिल्डा जोस्लिन गेज या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या मोठ्या पुढारी. नाटकवाला जावई त्यांना सुरुवातीला पसंत नव्हता. पुढे याच सासूबाईंनी जावयाच्या आयुष्याला वळण दिले, ते पुढे येईलच.

मॉड यांचा स्वभाव करारी होता. त्यांच्या घरात सांगितला जाणारा एक किस्सा असा. लग्नानंतर थोड्याच काळात बॉम यांनी बायकोला न विचारता डझनभर गोड पाव आणले. घरात काय शिजवायचे नि काय आणायचे हे मॉड ठरवत. त्यांनी ते पाव दर जेवणाला नवऱ्यापुढे ठेवायला सुरुवात केली. शिळे झाले तरी ठेवले. बॉम यांनी ते कपाटात लपवले, मॉडनी शोधून काढले. अंगणात पुरले, तर उकरून काढले. शेवटी न विचारता खाण्याचा जिन्नस घरात आणणार नाही असे कबूल केल्यावर प्रकरण मिटले. आपल्याकडच्याही अनेक घरांत हा किस्सा खपून जाईल. पण पुढचे आयुष्य पाहिले की कळते, हा माणूस पैशाच्या बाबतीत उधळा आणि भोळा होता आणि त्याच्या घरात एक तरी पक्का हिशेबनीस असणे फार गरजेचे होते.

त्यांना चार मुलगे झाले: फ्रँक, रॉबर्ट, हॅरी आणि केनेथ. पहिला १८८३ चा, शेवटचा १८९१ चा. म्हणजे ज्या काळात बॉम एकामागून एक धंदे बदलत होते, त्याच काळात घरात एकामागून एक पाळणे हलत होते.

उधारीचे दुकान

नाटकानंतर बॉम घरच्या वंगणतेलाच्या धंद्यात आले. गाड्यांच्या आसांना लावायचे 'कॅस्टरीन' नावाचे तेल ते गावोगाव फिरून विकत. १८८७ मध्ये वडील वारले. संपत्ती तोवर बरीच आटली होती. त्यातच पेढीवरच्या कारकुनाने भांडवल जुगारात उडवल्याचे उघड झाले. १८८८ मध्ये तो धंदा विकावा लागला.

मॉड यांची भावंडे डकोटा प्रदेशात जाऊन स्थायिक झाली होती. तिथे रेल्वे आली होती, गावे वसत होती. बॉम कुटुंब घेऊन अॅबरडीन या गावी गेले आणि १ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी 'बॉम्स बझार' नावाचे दुकान उघडले. खेळणी, काचसामान, दिवे, शोभेच्या वस्तू असा माल. गाव होते शेतकऱ्यांचे. त्यात दुष्काळ पडला, पीक गेले. लोकांकडे धान्याला पैसा नव्हता, तिथे शोभेच्या वस्तू कोण घेणार? जे घेत ते उधारीवर घेत, आणि बॉम कोणाला नाही म्हणत नसत. दुकानापुढे मुले जमली की गिऱ्हाईक सोडून त्यांना गोष्टी सांगत बसत. सव्वा वर्षात दुकान बंद पडले.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांच्या मेव्हणीने तोच धंदा हाती घेतला आणि पुढे अनेक वर्षे नीट चालवला. म्हणजे गावही तेच आणि गिऱ्हाईकही तेच. फरक फक्त वसुलीचा होता. आमच्या बँकेत असे दुकानदार मी किती पाहिले! माल उत्तम, तोंड गोड, आणि येणे बाकीची वही फुगलेली.

एक काळे पान

दुकानानंतर त्यांनी 'अॅबरडीन सॅटर्डे पायोनियर' हे साप्ताहिक घेतले. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनी त्यात हिरिरीने लिहिले, गावातल्या मताधिकार मंडळाचे चिटणीस म्हणूनही काम केले. पण याच साप्ताहिकात त्यांच्या हातून असे काही लिहिले गेले की जे लपवून त्यांची हकीकत सांगणे योग्य होणार नाही.

डिसेंबर १८९० मध्ये सू जमातीचे पुढारी सिटिंग बुल मारले गेले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला वुंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने बायकामुलांसह शेकडो आदिवासींची कत्तल केली. या दोन्ही वेळी बॉम यांनी अग्रलेख लिहिले आणि त्यांत उरलेल्या आदिवासींना संपवूनच टाकावे असे मत मांडले. मुलांना मायेने गोष्टी सांगणाऱ्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हे उतरले. गावात घबराट होती, असे काही जण म्हणतात. पण त्याने लिहिलेले पुसले जात नाही. २००६ मध्ये बॉम यांच्या वंशजांनी सू लोकांची जाहीर क्षमा मागितली. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या लेखाची जबाबदारी घरच्यांनी घ्यावी लागली. लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

साप्ताहिकही चालले नाही. १८९१ मध्ये ते बंद झाले.

फिरता विक्रेता

पस्तिसाव्या वर्षी, चार मुलांचा बाप, हातात काही नाही, अशा स्थितीत बॉम शिकागोला आले. काही दिवस वृत्तपत्रात नोकरी केली. पगार पुरेना. मग पिटकिन अँड ब्रुक्स या काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यापाऱ्यांकडे फिरते विक्रेते झाले. नमुन्यांच्या पेट्या घेऊन आगगाडीने गावोगाव हिंडायचे, दुकानदारांकडून मागणी घ्यायची आणि आठवडाअखेर घरी यायचे. मॉड घरी भरतकामाचे वर्ग घेऊ लागल्या. दोघांच्या कमाईत घर चालू लागले.

याच काळातली एक नोंद आपल्याला जवळची वाटेल. सासूबाई मटिल्डा यांना थिऑसॉफीची ओढ होती. १८९२ मध्ये बॉम पतिपत्नी शिकागोत थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. ज्या शाखेत त्यांनी नाव घातले, तिचे नाव 'रामायण' होते. अड्यारच्या त्या संस्थेचा एक धागा असा शिकागोच्या एका फिरत्या विक्रेत्याच्या घरापर्यंत गेला होता.

घरी असताना संध्याकाळी बॉम मुलांना गोष्टी सांगत. आपली चार आणि शेजारपाजारची असतील तेवढी. सासूबाई हिवाळ्यात लेकीकडे राहायला येत. त्या हे ऐकत आणि जावयाच्या पाठीस लागत की, हे सगळे लिहून काढा. नाटकवाला म्हणून नापसंत केलेल्या जावयात लेखक आहे हे ओळखले ते सासूबाईंनीच. बॉम मग प्रवासात, गाडीची वाट बघताना, हॉटेलच्या खोलीत हाताला लागेल त्या कागदावर गोष्टी लिहू लागले.

१८९७ मध्ये 'मदर गूज इन प्रोज' हे पुस्तक आले. बालगीतांतल्या पात्रांच्या मागच्या गोष्टी त्यात होत्या. चित्रे मॅक्सफील्ड पॅरिश यांची. नाव बरे झाले, पण त्यावर घर चालण्यासारखे नव्हते.

दरम्यान हृदयाने पुन्हा त्रास द्यायला सुरुवात केली. फिरती झेपेना. आता काय करायचे? इथे बॉम यांनी जे केले ते मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. ते नोकरी सोडून घरी गोष्टी लिहीत बसले नाहीत. इतकी वर्षे दुकानदारांकडे हिंडून त्यांना एक गोष्ट कळली होती की, माल चांगला असूनही दुकानाची दर्शनी खिडकी कशी सजवावी हे पुष्कळांना समजत नाही. १८९७ च्या शेवटी त्यांनी 'द शो विंडो' हे याच विषयाचे मासिक सुरू केले. पुढच्या वर्षी खिडक्या सजवणाऱ्यांची देशव्यापी संघटनाही उभी केली. मासिक चालले. फिरती संपली, बसून करायचे काम मिळाले, महिन्याचे पैसे येऊ लागले आणि संध्याकाळ मोकळी झाली. गोष्टी त्या संध्याकाळी लिहिल्या गेल्या.

यश

चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो आणि बॉम यांनी मिळून 'फादर गूज' हे कवितांचे पुस्तक तयार केले. प्रकाशक जॉर्ज हिल यांना रंगीत छपाईचा खर्च परवडेना, तेव्हा तो भार या दोघांनी उचलला. १८९९ मध्ये पुस्तक आले आणि त्या वर्षीचे सर्वाधिक खपाचे बालपुस्तक ठरले. त्या पैशातून बॉम यांनी मिशिगन सरोवराच्या काठी मॅकाटावा येथे उन्हाळ्यासाठी छोटे घर घेतले आणि त्याचे लाकडी सामान स्वतःच्या हाताने बनवले.

१८९८ मध्ये सासूबाई वारल्या. 'ऑझ' पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ९ ऑक्टोबर १८९९ रोजी बॉम यांनी ऑझची कथा पूर्ण केली, आणि ज्या पेन्सिलीने ती लिहिली तिचे उरलेले थोटूक चौकटीत बसवून भिंतीला लावले. 'ऑझ' हे नाव कपाटाच्या खणावरच्या 'ओ ते झेड' या चिठ्ठीवरून सुचले, असे सांगतात. खरेखोटे असो. फायलींत आयुष्य गेलेल्या मला ते ऐकायला आवडते.

१९०० मध्ये पुस्तक बाजारात आले. पहिली दहा हजारांची आवृत्ती हातोहात खपली. त्याच वर्षी दुकानाच्या खिडक्या कशा सजवाव्यात यावरचे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. एका हाताने जादूनगरी आणि दुसऱ्या हाताने दुकानाची काच!

घरात सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट आहे. नाताळ जवळ आला, मुलांना भेटी घ्यायला पैसे नव्हते. मॉड यांनी नवऱ्याला प्रकाशकाकडे पिटाळले. शंभरेक डॉलर मिळाले तरी पुष्कळ, असा हिशेब. बॉम संकोचत गेले, मिळालेला चेक न बघता खिशात घालून परत आले. मॉड इस्त्री करत होत्या. त्यांनी चेक उघडला तर तीन हजारांहून जास्त डॉलरचा. त्या बघत राहिल्या आणि इस्त्रीखालचा सदरा जळला.

प्रसिद्धीची हाव आणि दिवाळे

इथे गोष्ट संपली असती तर ती परीकथा झाली असती. पण बॉम यांचा खरा कस पुढेच लागला.

१९०२ मध्ये ऑझचे संगीत नाटक शिकागोत रंगमंचावर आले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तुफान चालले. नाटकाच्या मानधनाच्या वाटणीवरून डेन्स्लो यांच्याशी बिनसले आणि जोडी फुटली. त्याच १९०२ मध्ये प्रकाशक जॉर्ज हिल यांचे दिवाळे निघाले. म्हणजे पुस्तक खपत होते, आणि तरी प्रकाशक बुडाला.

१९०४ मध्ये दुसरे पुस्तक, 'द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ', रायली अँड ब्रिटन या नव्या प्रकाशकांकडून आले. त्याच्या प्रसिद्धीसाठी वृत्तपत्रांत ऑझच्या पात्रांची चित्रमालिका चालवली गेली, वाचकांसाठी कोडी ठेवली गेली. यातल्याच एका पात्रावर काढलेले संगीत नाटक मात्र १९०५ मध्ये साफ पडले.

घरखर्च चालावा म्हणून बॉम टोपणनावांनी भराभर लिहीत. 'एडिथ व्हॅन डाइन' या बाईच्या नावाने मुलींसाठी लिहिलेली 'आंट जेन्स नीसेस' ही दहा पुस्तकांची मालिका चांगली खपली. ही टोपणनावांची पुस्तके म्हणजे त्यांची मुदत ठेव होती. व्याज थोडे, पण दरवर्षी येणारे.

आणि मग १९०८. बॉम यांनी 'फेअरीलॉग अँड रेडिओ-प्लेज' नावाचा फिरता कार्यक्रम काढला. त्या काळी सिनेमा नुकता कुठे रांगत होता. यात हाताने रंगवलेल्या चित्रफिती होत्या, काचेच्या स्लाइड होत्या, नट होते, वाद्यवृंद होता. आणि पांढरा सूट घालून स्वतः बॉम पडद्यापुढे उभे राहून ऑझची कथा सांगत. लोकांना आवडले. थिएटरे भरत होती. पण वाद्यवृंद, नट, यंत्रे आणि सगळ्यांचा रेल्वेप्रवास यांचा खर्च तिकिटविक्रीपेक्षा जास्त होता. भरलेल्या थिएटरात दर रात्री तोटा! सप्टेंबरमध्ये मिशिगनातून निघालेला हा तांडा डिसेंबरात न्यूयॉर्कला बंद पडला. डोक्यावर कर्जाचा डोंगर राहिला.

इथे मी त्या इंजिनियर मुलाला थांबवून विचारले की, पुस्तक प्रदर्शनातल्या टेबलाचे भाडे, पेट्रोल आणि चहापाणी धरून एका प्रतीमागे तुला किती खर्च येतो? त्याने कधी हिशेब केला नव्हता.

देणेकऱ्यांना पैसे देण्यासाठी बॉम यांनी पहिल्या ऑझसकट आधीच्या पुस्तकांची रॉयल्टी त्यांच्याकडे वळती करून दिली. ती त्यांच्या हयातीत परत आली नाही. ज्या पुस्तकाने जगभर नाव केले, त्याची कमाई शेवटची आठ-नऊ वर्षे लेखकाच्या घरी येत नव्हती. तरीही पुरेना आणि १९११ मध्ये बॉम यांनी दिवाळखोरी जाहीर केली. त्यांच्या नावावर कपडे, टाइपरायटर आणि पुस्तके एवढेच उरले होते. बाकीचे आधीच मॉड यांच्या नावावर केलेले होते. बँकेच्या खुर्चीतून पाहिले तर मला हे रुचणार नाही, घराच्या ओसरीतून पाहिले तर चार मुलांच्या डोक्यावर छप्पर त्यामुळेच राहिले. तेव्हापासून पैशाचे सर्व व्यवहार मॉड यांच्या हाती गेले. माझ्या मते ते १८८२ पासूनच त्यांच्याकडे असायला हवे होते.

हॉलीवूडची बाग

१९१० मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियात हॉलीवूडला गेले. मॉड यांना वारशाने मिळालेल्या पैशातून तिथे घर बांधले. नाव ठेवले 'ऑझकॉट'. बॉम तिथे शेवंती आणि डेलियाची फुले लावत. फुलांच्या प्रदर्शनांत त्यांना अनेक बक्षिसे मिळाली. सकाळी बागकाम, मग बागेतल्या खुर्चीत मांडीवर फळी ठेवून पेन्सिलीने लिहिणे, मग टाइप करणे असा क्रम.

ऑझचा त्यांना कंटाळा आला होता. १९१० च्या 'द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ' या सहाव्या पुस्तकात त्यांनी ऑझ नगरी बाहेरच्या जगापासून कायमची तुटली असे दाखवून मालिका संपवली. नवी पात्रे घेऊन 'द सी फेअरीज' आणि 'स्काय आयलंड' लिहिली. ती चांगली होती, पण ऑझइतकी खपेनात. मुलांची पत्रे तर येतच होती आणि सगळ्यांना ऑझच हवे होते. बॉम या पत्रांना स्वतः उत्तरे देत, त्यांतल्या कल्पना पुस्तकात घेत आणि प्रस्तावनेत मुलांचे आभार मानत. शेवटी १९१३ मध्ये त्यांनी हार मानली. ऑझशी बिनतारी यंत्राने पुन्हा संपर्क झाला अशी युक्ती काढून सातवे पुस्तक लिहिले. त्यानंतर दरवर्षी एक. नाव लावत, ऑझचा राजबखरकार! १९०५ च्या सुमारास लिहून पडून राहिलेली एक गोष्टही त्यांनी १९१६ मध्ये ऑझची करून घेतली.

हौस मात्र जिरली नव्हती. १९१४ मध्ये 'ऑझ फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' निघाली. चित्रपट निघाले, पण मुलांचे चित्रपट म्हणून थिएटरवाले घेईनात आणि कंपनी बंद पडली. पण या वेळी एक फरक होता. बॉम यांनी यात घरचा पैसा घातला नव्हता. कंपनी बुडाली, घर बुडाले नाही. मॉडबाईंची शिकवणी उपयोगी पडली असे म्हणायला हरकत नाही.

लॉकरमधली दोन हस्तलिखिते

शेवटची वर्षे दुखण्याची होती. छातीत कळा येत. १९१८ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ते बहुतेक अंथरुणालाच खिळले. युद्ध चालू होते, दोन मुलगे सैन्यात होते. तशाही स्थितीत पडल्या पडल्या ते लिहीत राहिले.

शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी त्यांनी प्रकाशकांना कळवून ठेवले होते की, दोन पुस्तकांची हस्तलिखिते बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित ठेवली आहेत. माझे काही बरेवाईट झाले तरी पुढच्या दोन वर्षांची पुस्तके तुमच्याकडे आहेत. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. लॉकरच्या खोलीत मी हजारो माणसांना सोडले असेल. दागिने, करारपत्रे, शेअर सर्टिफिकिटे. गोष्टींची वही लॉकरमध्ये ठेवणारा कोणी भेटला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पैशाचे नियोजन केले नाही, त्याने शेवटी आपली सर्वांत मोलाची ठेव बरोबर जागी ठेवली होती.

६ मे १९१९ रोजी, त्रेसष्टाव्या वाढदिवसाला नऊ दिवस असताना, बॉम वारले. त्या वर्षी 'द मॅजिक ऑफ ऑझ' आणि पुढच्या वर्षी 'ग्लिंडा ऑफ ऑझ' प्रसिद्ध झाले. ऑझची एकूण चौदा पुस्तके झाली. पुढे मॉड यांच्या संमतीने रूथ प्लम्ली थॉम्प्सन यांनी मालिका चालू ठेवली. १९३९ मध्ये मोठा चित्रपट आला तेव्हा मॉड हयात होत्या. पुस्तकातले डोरोथीचे चांदीचे बूट पडद्यावर माणकाचे झालेले त्यांनी पाहिले. १९५३ मध्ये त्या गेल्या.

शेवटी

त्या इंजिनियर मुलाने सर्व शांतपणे ऐकून घेतले. मी त्याला उपदेश केला नाही. एवढेच सांगितले की, बॉम यांची उत्तम पुस्तके लिहिली गेली तेव्हा घरात महिन्याचे पैसे कुठून तरी येत होते, आणि ते बुडाले ते लिहिण्यामुळे नाही, पुस्तकाचा डंका पिटण्याच्या खर्चामुळे. शिवाय ज्या सासूबाईंनी लिहा म्हटले आणि ज्या बायकोने हिशेब ठेवला, त्यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत.

दोन रविवारांनी तो सूनबाईंना आणि मुलीला घेऊन घरी आला. नोकरी चालू आहे. प्रदर्शने महिन्यातून एकच करायची असे ठरले आहे, आणि हिशेबाची वही सूनबाईंकडे दिली आहे. त्याच्या मुलीने मला विचारले की, आजोबा, तुमची गोष्ट कुठली? मी कपाट उघडले. वही सापडली, पाने पिवळी झाली आहेत, पण अक्षर वाचता येते. तिला पहिली गोष्ट वाचून दाखवली. शेवट तिला आवडला नाही. बदलून देतो म्हणालो आहे.